उरलेल्या ७७ गाड्या

एखादं काम १९४० साली अर्धवट राहिलं आणि सत्तर वर्षांनी कुणीतरी ते जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं, असं सांगितलं तर आपल्याला थाप वाटेल. पण इंग्लंडमधली एक छोटीशी मोटार कंपनी नेमकं हेच सांगते. अल्व्हिस तिचं नाव. तिचं म्हणणं साधारण असं : १९३० च्या दशकाच्या अखेरीस आमच्या '४.३ लिटर' या मॉडेलच्या १५० चासी बांधायचं ठरलं होतं. ७३ झाल्या. मग युद्ध आलं, कारखान्यावर बॉम्ब पडले आणि ७७ राहिल्या. त्या आम्ही आता बांधतोय.

या गाड्यांना ते 'कंटिन्युएशन' म्हणतात. चालू ठेवलेलं काम. चासीचे क्रमांकही राहिलेलेच.

त्यातलं माझं आवडतं रूप म्हणजे 'लान्सफील्ड कन्सील्ड हूड'. दोन दारांची उघडी गाडी. पुढे लांबच लांब बॉनेट, त्याखाली एका रांगेत सहा सिलिंडर, ४३८७ सीसी. पण खरी गंमत मागे आहे. त्या काळातल्या बहुतेक उघड्या गाड्यांचं कापडी हूड खाली पाडलं की ते मागच्या बाजूला गाठोड्यासारखं पडून राहायचं. आपल्या रिक्षाचं हूड गुंडाळून ठेवल्यावर दिसतं ना, साधारण तसं. लंडनच्या लान्सफील्ड या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने ते पूर्ण घडी होऊन पत्र्याच्या झाकणाखाली नाहीसं होईल अशी रचना केली. हूड पाडलं की इथे हूड होतं याची खूणही राहत नाही. बॉनेटपासून शेपटापर्यंत एकच रेघ. ही गाडी आज नवीन मिळते, पैसे असतील तर. किंमत रुपयांत कोटींच्या घरात जाते. या गाड्या पार जपानपर्यंत गेल्या आहेत.

मी ती घेणार नाही हे उघड आहे. माझ्याकडे सेकंडहँड हॅचबॅक आहे आणि तिचे हप्ते चालू आहेत. तरीही गेलं वर्षभर ही गाडी माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण तिचं देखणेपण नाही.

०

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. गाड्यांच्या इंजिनाचं नियंत्रण करणारा जो छोटा कॉम्प्युटर असतो, ईसीयू, त्याच्या सॉफ्टवेअरवर आमची टीम काम करते. त्यासाठी मला आठ महिने ऑनसाइट पाठवलं होतं, कॉव्हेंट्रीला. पुण्यातल्या ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरवाल्यांना हे गाव चांगलं ठाऊक आहे. जॅग्वार लँड रोव्हर २००८ मध्ये टाटा मोटर्सने घेतल्यापासून पिंपरी-चिंचवड आणि कॉव्हेंट्री ही तशी एकमेकांची शेजारी गावं झाली आहेत.

माझ्या खोलीपासून बसने थोडं गेलं की हॉलीहेड रोडवर दुकानांचा एक मोठा पार्क लागतो. मोठी पार्किंग, मोठ्या पाट्या. त्याचं नाव अल्व्हिस रिटेल पार्क. पहिल्यांदा मला वाटलं की अल्व्हिस म्हणजे कुणी बिल्डर असेल. पुण्यात असती तशीच. मग कळलं की जिथे मी ट्रॉली ढकलत होतो तिथेच १९२० पासून ते साठच्या दशकापर्यंत गाड्या बनत होत्या. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढली, तेव्हा अल्व्हिसचा मोटारींचा कारखाना त्यात उद्ध्वस्त झाला. उरलेल्या ७७ गाड्या तिथेच उरल्या होत्या.

०

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अल्व्हिसने गाडीची बॉडी जवळजवळ कधीच स्वतः बांधली नाही. कंपनी चासी, इंजिन, गिअरबॉक्स बनवायची आणि बॉडी दुसरा कुणीतरी बांधायचा. इंग्रजीत याला कोचबिल्डिंग म्हणतात आणि त्या शब्दाला मखमली वास येतो. पण मराठीत याला आपल्याकडे साधा, रोजचा शब्द आहे : बॉडी बांधणे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. कोल्हापुरात माझ्या काकांची ट्रकच्या बॉडी बांधायची शेड आहे. मी लहान असताना नुसती चासी यायची. चार चाकं, इंजिन, स्टिअरिंग. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती थेट कंपनीपासून चालवत आणायचा. मग काका आणि त्यांचे मिस्त्री केबिन, हौदा, फाळके सगळं तिच्यावर चढवायचे. एसटीच्या लाल गाड्यांचंही तेच. महामंडळ चासी विकत घ्यायचं आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या आपल्या वर्कशॉपमध्ये बॉडी बांधायचं. १९३६ साली एखाद्या इंग्रज श्रीमंताने अल्व्हिसची चासी घेऊन लंडनच्या लान्सफील्डकडे पाठवली, म्हणजे काम तेच केलं. फक्त फाळक्याच्या जागी चामड्याच्या सीट आल्या.

या पद्धतीत एक मोठा धोका आहे आणि अल्व्हिसने तो भोगला. युद्धानंतर त्यांच्या बॉडी मुख्यतः बर्मिंगहॅमची मलिनर्स आणि टिकफर्ड या दोन कंपन्या बांधत होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्यात मलिनर्सला स्टँडर्ड या मोठ्या कंपनीने आपल्या कामाला बांधून घेतलं आणि टिकफर्ड ॲस्टन मार्टिनच्या मालकाने विकत घेतली. एका झटक्यात अल्व्हिसकडे उत्तम इंजिन, उत्तम चासी आणि अंगावर घालायला कपडेच नाहीत अशी अवस्था झाली. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या एका गावात हेरमान ग्राबर हा कारागीर अल्व्हिसच्या चासीवर सुंदर बॉडी बांधत असे. अल्व्हिसने त्याचं डिझाइन घेतलं. पण इंग्लंडमध्ये ते बांधायचं कुणी? काम गेलं विलोब्रुककडे, आणि विलोब्रुक ही बसच्या बॉडी बांधणारी कंपनी होती. हे वाचलं तेव्हा मला काकांची शेड आठवली आणि मी खोलीत एकटाच हसलो. मोजक्याच गाड्या झाल्या. शेवटी १९५८ पासून रोल्स-रॉइसच्या मालकीच्या पार्क वॉर्डने हे काम हातात घेतलं. राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स फिलिपने चालवलेली अल्व्हिस याच पिढीतली, उघड्या टपाची.

१९६५ मध्ये रोव्हरने अल्व्हिस घेतली आणि १९६७ मध्ये मोटारींचं उत्पादन बंद झालं. ते रोव्हर हे नाव फिरत फिरत आज टाटांच्या मालकीचं आहे. नावांचा प्रवास असा असतो.

०

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मोटारी बंद झाल्या, पण अल्व्हिस कंपनी बंद झाली नाही. ती चिलखती लष्करी वाहनं बनवायची, तीच बनवत राहिली. म्हणजे अल्व्हिस हे नाव रणगाड्यांबरोबर गेलं. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात जात २००४ मध्ये ते बीएई सिस्टिम्स या शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कंपनीत विरघळलं.

मग मोटारींचं काय राहिलं? कागद राहिले. सुटे भाग राहिले. आणि काही माणसं राहिली. १९६८ मध्ये कॉव्हेंट्रीपासून काही मैलांवरच्या केनिलवर्थ या गावात रेड ट्रँगल नावाची कंपनी निघाली. अल्व्हिसचं बोधचिन्ह उलटा लाल त्रिकोण आहे, त्यावरून हे नाव. कारखान्यातली ड्रॉइंग, प्रत्येक गाडीची नोंद, सुट्या भागांचा साठा आणि तिथले काही जुने कामगार असं सगळं इकडे आलं. अल्व्हिसने आयुष्यभरात वीस हजारांवर गाड्या बनवल्या. त्यांच्या मालकांना ब्रेक, गॅस्केट, बेअरिंग लागणारच. रेड ट्रँगल ते पुरवू लागली.

पुढची चाळीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. नवीन गाडी नाही, जाहिरात नाही, मोटार शोमध्ये पडदा सरकवणं नाही. जुन्या गाड्या दुरुस्त करणं, एखादा भाग संपला की जुनं ड्रॉइंग काढून तो पुन्हा बनवणं. नाव त्यांच्याकडे नव्हतं. २००९ मध्ये मोटारींपुरता तो ट्रेडमार्क त्यांना मिळाला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी राहिलेल्या गाड्या बांधायची घोषणा केली.

क्रम बघा. आधी चाळीस वर्षं काम, मग नाव.

याच्या उलटा क्रम जास्त दिसतो. ब्रिस्टल ही अशीच एक जुनी ब्रिटिश कंपनी, विमानं बनवणाऱ्या कारखान्यातून जन्मलेली. २०११ मध्ये ती डबघाईला आली, नव्या मालकाने घेतली आणि २०१६ मध्ये 'बुलेट' नावाची टप नसलेली नवी गाडी दाखवली. कार्बन फायबरची बॉडी, बीएमडब्ल्यूचं व्ही-एट इंजिन. ब्रिस्टलच्या सत्तराव्या वर्षानिमित्त ७० गाड्या बनवणार होते. दिसायला जबरदस्त होती, मी तिचे व्हिडिओ कॉलेजमध्ये असताना हॉस्टेलवर पाहिले होते. ठरलेल्या ७० काही झाल्या नाहीत आणि २०२० मध्ये कंपनी अवसायनात निघाली. त्या लोकांची मेहनत खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण एका सुंदर गाडीने नाव जिवंत होतं का, या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं.

०

आता पुन्हा लान्सफील्डच्या त्या हूडकडे येऊ. अशी गाडी नव्याने बांधणं म्हणजे काय?

आधी ॲश जातीच्या लाकडाचा सांगाडा. प्रत्येक तुकडा वेगळ्या वळणाचा. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. हा साच्यात ठोकून काढत नाहीत. दोन चाकांच्या मधून पत्रा हाताने मागेपुढे सरकवत सरकवत त्याला गोलाई आणतात. किती दाब द्यायचा हे हाताला कळावं लागतं. उघड्या गाडीत तर हे जास्त अवघड. टप असला की तो खालच्या बॉडीला बांधून ठेवतो. टप काढला की सगळी जबाबदारी चासीवर आणि सांगाड्यावर येते. बॉडी जराशी पिळवटली की दार नीट लागत नाही, फट दिसते. आणि हूडच्या कमानी अशा बेताने वळवाव्या लागतात की वर असताना तंबूसारखं ताणलेलं दिसावं आणि खाली असताना वीतभर जागेत मावावं.

ड्रॉइंगमध्ये मापं असतात. पण पत्र्याला किती वेळा चाकातून काढायचं हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

आणि मग माझ्या धंद्याची गोष्ट. जुन्या '४.३'ला तीन कार्ब्युरेटर होते. आजच्या प्रदूषणाच्या नियमांत ते बसत नाहीत. म्हणून या नव्या-जुन्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन दिलं आहे. म्हणजे १९३६ साली आखलेल्या इंजिनाला किती पेट्रोल कधी द्यायचं हे आता एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. हे वाचून काही लोक नाक मुरडतात, मग ही अस्सल कशी म्हणतात. मला उलट वाटतं. गाडी रस्त्यावर चालावी म्हणून जे बदलायला हवं तेवढंच बदललं आणि बाकीचं राखलं. काय बदलायचं आणि काय नाही हे ज्याला कळतं, त्यालाच मूळ वस्तू कळलेली असते.

०

आमच्या टीमचं काम काय आहे ते सांगतो. आम्ही नवीन गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहीत नाही. ज्या इंजिनांचं उत्पादन थांबलंय पण ज्यांच्या लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ईसीयूमधली एखादी चिप बाजारातून बंद झाली की नव्या चिपवर जुनं वागणं जसंच्या तसं बसवायचं. याला आमच्याकडे मेंटेनन्स म्हणतात आणि तो शब्द लोक जरा दबक्या आवाजात उच्चारतात. बरोबरीचे मित्र इलेक्ट्रिकमध्ये गेले, ऑटोनॉमसमध्ये गेले. लग्नाच्या स्थळाकडच्यांनी विचारलं तर आई नुसतं 'गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे' असं सांगते.

परत आल्यावर मलाही विचारलं गेलं : नवीन प्रोजेक्टमध्ये जातोस का? पगार जास्त, नाव मोठं. अजून उत्तर दिलेलं नाही.

कारण कॉव्हेंट्रीत मी एक आठवडाभर एका आकड्यामागे लागलो होतो. कोल्ड स्टार्टच्या कोष्टकात एका जागी एक विचित्र किंमत होती. शेजारच्या किमतींशी तिचा मेळ नव्हता. कुणी टाकली, का टाकली, कागद नाही. ज्याला माहीत असावं तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. क्लायंटला विचारलं, त्यांनी आम्हाला विचारलं. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि दोन मोठ्या कंपन्यांत मिळून ती कुणालाच आठवत नव्हती. आणि त्याच वेळी पाच मैलांवर केनिलवर्थमध्ये १९३७ सालच्या गाडीच्या एका बोल्टचं ड्रॉइंग कपाटात सापडत होतं.

ही श्रीमंतांची खेळणी आहेत हे मला मान्य आहे. ७७ गाड्यांनी जगाचं काही भलं होणार नाही. कॉव्हेंट्रीतच दुसरा रस्ताही दिसतो : त्याच रात्री जळालेलं कॅथीड्रल त्यांनी पुन्हा बांधलं नाही. भिंती तशाच उघड्या ठेवल्या आणि शेजारी नवं उभारलं, ते १९६२ मध्ये खुलं झालं. दुपारच्या सुट्टीत मी त्या पडक्या भिंतींत डबा खात बसायचो. गेलेलं गेलं असं म्हणून नवं बांधणं यातही मोठेपण आहे. पण ते ठरवून केलेलं असावं. आपलं बहुतेक वेळा ठरवून जात नाही. कुणी कपाट सांभाळलं नाही म्हणून जातं.

०

दिवाळीला कोल्हापूरला गेलो तेव्हा शेडमध्ये दोनच ट्रक उभे होते. आता केबिन कंपनीतूनच येते, पुष्कळदा हौदासुद्धा. मिस्त्री होते अकरा, राहिलेत तीन. त्यातला सगळ्यात तरुण माझ्याहून वीस वर्षांनी मोठा आहे. मी काकांना फोनवर लान्सफीलडचे फोटो दाखवले. मला वाटलं होतं, ते बॉनेट बघतील, चाकं बघतील. त्यांनी दाराचा फोटो मोठा केला आणि चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"नवी हाय म्हंतोस?"

"हो काका. आत्ताच बांधलेली."

"फट बग. वरपासनं खालपतूर सारखी हाय. ह्यो करणारा मानूस जित्ता हाय म्हंजे."

मी त्यांना रेड ट्रँगलची गोष्ट सांगितली. म्हटलं, तुमच्या बॉडीचीही मापं काढूया, ड्रॉइंग करूया, मी लॅपटॉपवर सगळं नीट बसवतो. मिस्त्रींचे व्हिडिओ घेतो.

काकांनी फोन मला परत दिला.

"कागद कर की. न्हाई कोन म्हनतंय? पर तेंच्याकडं कागदासंगं मानसंबी गेली म्हनलास न्हवं? मग तू दोन म्हैनं हितं येऊन ऱ्हा. पत्रा हातात घे. मग काय ल्ह्यायचं ते तुजं तुला कळंल."

मी रजेचा हिशेब पाहिला. या वर्षाच्या अठरा शिल्लक आहेत. दोन महिन्यांना त्या पुरत नाहीत. पण सुरुवातीला पुरतील.